बिल ब्रुफर्डमध्ये एवढं काय आहे? (खवचटपणा नाही, खरंच विचारतोय)

दीड_मात्रा:

ड्रम्स शिकायला लागून मला दोन वर्षं झाली. आमचे सर उठसूट एकच नाव घेतात: बिल ब्रुफर्ड. म्हणून गेल्या आठवड्यात यस या ब्रिटिश रॉक बँडचा, ब्रुफर्डने वाजवलेला 'क्लोज टू द एज' लागोपाठ चार वेळा ऐकला. खोटं कशाला बोलू, अल्बम आवडला, पण ड्रम्ससाठी वेडं व्हावं असं काही हाताला लागलं नाही. मी ज्यांचे व्हिडिओ बघतो ते डबल पेडलवर (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवायची सोय) असे सुटतात की पाय दिसत नाहीत. हा माणूस त्या मानाने शांतपणे आपलं काम करतोय. आणि त्याचा स्नेअर (किटमधला समोरचा, मुख्य ठोक्याचा ड्रम) मला पत्र्यावर मारल्यासारखा वाटतो. त्याला तो तसाच हवा होता, की तेव्हा रेकॉर्डिंगच तसं व्हायचं?

दोनच गोष्टी सांगा. ऐकताना नेमकं कशाकडे कान ठेवायचा? आणि यस ऐन भरात असताना हा सोडून का गेला? 'टॉप टेन' याद्या नकोत, त्या वाचून झाल्यात. वर्षानुवर्षं ऐकत आलेल्यांनी लिहा.

ठेकेदार:

वयाने बराच मोठा असणार मी, म्हणून सरळ 'तू' म्हणतो. पत्र्यावर मारल्यासारखा! कान शाबूत आहेत तुझे.

माझी आणि ब्रुफर्डची गाठ पडली ती एका कॅसेटमुळे. मित्राने भरून दिलेली, नव्वद मिनिटांची, पाठीवर पेन्सिलीने फक्त 'यस / क्रिमसन' लिहिलेलं. एका बाजूला यसचा 'फ्रॅजाइल'. मी दोन दिवस टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत बसलो होतो, कारण बाकी सगळं ठीक वाजायचं आणि स्नेअर मात्र 'टाँग' करायचा. वाटलं, हेड गेलं. मग कंटाळून बाजू उलटली. किंग क्रिमसनचा 'रेड' लागला. बँड दुसरा, गाणारा दुसरा, मधे तीन वर्षं गेलेली, आणि स्नेअर तोच. टाँग! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हेडला काही झालेलं नाही, हा या माणसाचा आवाज आहे. गवय्याचा 'सा' ऐकून आपण नाव सांगतो ना, तसा हा एका ठोक्यावर ओळखू येतो. ड्रमरच्या बाबतीत हे किती विरळा आहे ते तुला पुढे कळेल.

आता तो आवाज येतो कसा. स्नेअरचं कातडं ताणून वर चढवलेलं, आणि जवळजवळ प्रत्येक ठोका रिमशॉट, म्हणजे काठी एकाच वेळी कातड्यावर आणि कडीवर. सत्तरच्या दशकात स्टुडिओत उलटी रीत होती. ड्रमवर चिकटपट्ट्या, फडकी लावून गुंजन मारून टाकायचं, 'थप्' असा कोरडा आवाज काढायचा. हा पठ्ठ्या गुंजन ठेवायचा. यसमध्ये क्रिस स्क्वायरचा बास काचेवर नाणं घासल्यासारखा धारदार, वर ऑर्गन, वर गिटार. त्या गर्दीतून वाट काढायला ती टाँग लागायचीच. हे माझं मत, पण 'फ्रॅजाइल'मधलं 'हार्ट ऑफ द सनराइज' लाव आणि बघ. पहिली तीन मिनिटं गाणं नाहीच. बास एक चक्र धरून बसलाय आणि ब्रुफर्ड त्याच्याभोवती हिंडतोय. ठोका जिथे यायला हवा असं तुझं मन म्हणतं तिथे तो येत नाही. येतो अर्धी मात्रा आधी नाहीतर नंतर, आणि तरी समेवर दोघं हजर. वेग मोजणाऱ्याला यात काही दिसायचं नाही. जागा मोजणाऱ्याला दिसेल.

दुसरा प्रश्न. माणूस इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सचा, जन्म 1949. बहिणीने वाढदिवसाला ड्रमचे ब्रश दिले, ते तो रेकॉर्डच्या कव्हरांवर फिरवायचा, कारण पुठ्ठ्यावर तो सळसळ आवाज छान येतो. शिक्षण कुठलं, तर बीबीसीवर अमेरिकन जॅझवाले दिसायचे ते बघून: आर्ट ब्लेकी, जो मोरेलो. आणि मॅक्स रोच हे आराध्यदैवत. म्हणजे रॉकच्या घरात बरीच वर्षं राहिलेला हा जॅझचा मुलगा. 1968 मध्ये यस सुरू झाला तेव्हा हा जेमतेम एकोणीस वर्षांचा.

'क्लोज टू द एज' त्यांनी स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी जोडला. जवळजवळ एकोणीस मिनिटांची पहिली बाजू, पण आधी सलग वाजवून बसवलेली नाही. थोडं रेकॉर्ड करायचं, चर्चा, वाद, पुन्हा थोडं. ब्रुफर्डला तो प्रकार असह्य झाला होता, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. अल्बम पुरा झाला, 1972 चा अमेरिका दौरा तोंडावर आला आणि हा उठून किंग क्रिमसनमध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या अॅलन व्हाइटला सगळी गाणी बसवायला दिवस किती मिळाले असतील? तीन.

तू 'का' विचारतोस. माझ्या समजुतीने, यसमध्ये पुढे काय होणार ते त्याला माहीत झालं होतं. क्रिमसनमध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथे जेमी म्यूर नावाचा तालवादक होता, साखळ्या, पत्रे, खेळणी, हाताला येईल ते वाजवणारा. 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक' 1973 मध्ये निघेपर्यंत तो बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात राहायलाही गेला. पण जाताना ब्रुफर्डची घडी विस्कटून गेला, आणि ते बरंच झालं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. क्रिमसनच्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' अल्बममध्ये 'ट्रायो' नावाचा तुकडा आहे. 23 नोव्हेंबर 1973, अॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ सभागृहात मंचावर आयत्या वेळी सुचलेला. व्हायोलिन, बास आणि बँडचा म्होरक्या, गिटारवादक फ्रिप याचा मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड). चौघांच्या बँडमध्ये तिघेच वाजतायत. चौथा, म्हणजे आपला बुवा, काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. एक ठोका नाही. आपण घुसलो तर हे मोडेल, हे त्याला कळलं. आणि रेकॉर्डवर रचनेचं श्रेय चौघांना! न वाजवल्याबद्दल त्याला रचनाकाराचा मान मिळाला.

मी स्वतः सात वर्षं ड्रम्स वाजवले, वाईट वाजवले. दर वेळी गाणं हळू झालं की माझे हात शिवशिवायचे आणि मी एखादा लांबलचक रोल घुसडायचो. एकदा आमच्या गायिकेने तालीम थांबवून विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" त्या रात्री मी 'ट्रायो' पहिल्यांदा नीट ऐकला.

उलटी_झांज:

ठेकेदार, सुरेख. माझ्या टोपणनावाचा उगम सांगायची संधी सोडत नाही.

'रेड'वरचं 'वन मोअर रेड नाइटमेअर' ऐका. त्यात एक झांज आहे, तिला झांज म्हणावं की डब्याचं झाकण असा प्रश्न पडावा. तालमीच्या जागी कचऱ्यात टाकलेली ती ब्रुफर्डला सापडली. कड वाकलेली, उलटी फिरलेली. दुसऱ्याने नाक मुरडलं असतं. याने स्टँडवर चढवली आणि अख्खं गाणं तिच्यावर तोललं. टाळ्यांच्या मधे मधे ती फुटक्या आवाजाने अशी काही करवादते की त्या जागी दुसरं काही कल्पनेतही बसत नाही. माझ्याकडे एक तडा गेलेली झांज होती, मीही तसंच करून पाहिलं. शेजारच्यांनी भांडी पडली का म्हणून विचारलं. तेव्हा झांज हे निम्मंच उत्तर आहे.

त्याच अल्बमवर शेवटी 'स्टारलेस'. मधल्या भागात बास तेरा मात्रांचं चक्र घेऊन घुमत राहतो. ब्रुफर्ड सुरुवातीला ठेका धरतच नाही, लाकडाची टकटक, इकडे एक किणकिण, तिकडे एक. कितीतरी वेळ असंच टांगून ठेवतो. मी आजही आठव्या-नवव्या मात्रेला हरवतो, लाज वाटत नाही.

खर्ज:

सगळे सत्तरच्या दशकातच अडकलात. मग अप्रिय मुद्दा मी काढतो: 1981 ते 84. क्रिमसनमधले षटकोनी सिमन्स पॅड्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स. माफ करा, पण 'डिसिप्लिन' अल्बमचे ड्रम्स मला लहान मुलांच्या व्हिडिओ गेमसारखे वाटतात. असा हात असलेल्या माणसाने तो खुळखुळा का घ्यावा?

ठेकेदार:

@खर्ज, निम्मं मान्य. 'पियू-पियू' आवाज काळाने खाल्ले. पण मागची गोष्ट बघ. क्रिमसन पुन्हा उभा करताना फ्रिपने त्याला अट घातली: झांजा आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) यांवर टिकटिक करत वेळ मोजायची नाही. विचार कर, ड्रमरचा उजवा हात जन्मभर जिथे राहतो ती जागाच काढून घेतली. दुसरा कुणी भांडून निघून गेला असता. (भांडले असतीलच म्हणा, त्या दोघांचं काही सांगता येत नाही.) त्याने ती जागा ऑक्टोबान (लांब नळ्यांसारखे ड्रम), स्लिट ड्रम (खाचा पाडलेला लाकडी ड्रम), पॅड्स यांनी भरली. 'द शेल्टरिंग स्काय'मधला लाकडी स्लिट ड्रम ऐक, त्यात खुळखुळा औषधालाही नाही.

आणि शीर्षकाची रचना, 'डिसिप्लिन'. दोन गिटार पाचाच्या, सतराच्या चक्रांत एकमेकांपासून सरकत जातात. ब्रुफर्ड हातांनी सतरा धरतो आणि बास ड्रम मात्र निमूट चाराचा ठोका देत राहतो. पाय ठाम, हात भटके. दीड_मात्रा, तुझ्या डबल पेडलवाल्यांना पाय दिसेनासा करता येतो, कबूल. असा वागवता येतो का विचार.

अनुस्वार:

मी ड्रमर नाही, पियानो वाजवते, त्यामुळे माझा ब्रुफर्ड वेगळाच आहे आणि या धाग्यात त्याचा पत्ताच नाही. पॅट्रिक मोराझबरोबर पियानो आणि ड्रम्स एवढ्या दोघांवर केलेला 1983 चा अल्बम कुणी ऐकलाय का? बास नाही, गिटार नाही, लपायला आडोसा नाही. तिथे कळतं की तो साथ करत नाही, बोलतो.

मग 1986 मध्ये 'अर्थवर्क्स' हा स्वतःचा जॅझ बँड काढला. जँगो बेट्स, इयन बॅलमी हे तेव्हा विशीतले. नावाजलेल्या रॉक ड्रमरने आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान जॅझवाल्यांच्या हाती सूत्रं द्यायची, मोठी स्टेडियमं सोडून छोट्या क्लबात वाजवायचं. सुरुवातीच्या अर्थवर्क्समध्ये @खर्ज यांच्या लाडक्या पॅड्सवरून तो चक्क सुरावटी आणि कॉर्ड वाजवतो, हेही जाता जाता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा अकूस्टिककडे आला तेव्हा किटची मांडणीच बदलली: स्नेअर मध्ये, दोन्ही बाजूंना टॉम (स्नेअरच्या आजूबाजूचे ड्रम) सारखेच मांडलेले, सगळं एका पातळीत. उजवा-डावा भेदच मिटवला.

उलटी_झांज:

@अनुस्वार, मोराझवाला अल्बम ऐकला नव्हता. आज रात्रीची सोय झाली.

जेनेसिस या बँडचा उल्लेख राहिला. 1976 च्या दौऱ्यात हा त्यांच्याबरोबर होता. त्यांच्या 'सेकंड्स आउट' अल्बमवरचं 'सिनेमा शो' त्यातलंच, पॅरिसचं. फिल कॉलिन्स आणि ब्रुफर्ड एका मंचावर दोन किटवर. बाकी 'यू. के.' हा बँड आणि गिटारवादक हॉल्ड्सवर्थबरोबरचा 'वन ऑफ अ काइंड' अल्बम यांवर बोलायला वेगळा धागा लागेल.

ठेकेदार:

काढू. तोवर एक राहिलंच, सोडून जाण्याबद्दल. 1 जानेवारी 2009 पासून त्याने जाहीर वादन थांबवलं. एकोणसाठाव्या वर्षी, हात चालत असताना. निरोपाचे दौरे नाहीत की 'शेवटची संधी' म्हणून महागडी तिकिटं नाहीत. आत्मचरित्र लिहिलं, मग सरे विद्यापीठात संशोधन करून 2016 मध्ये डॉक्टरेट घेतली. विषय काय, तर ड्रमरची सर्जनशीलता. 2017 मध्ये यसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा सोहळ्याला गेला, वाजवलं नाही. आम्ही चाहते हळहळलो. मी तर चिडलो होतो, खरं सांगतो.

आणि आता सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा काठ्या हातात! तेही कुठे, तर पीट रॉथ या गिटारवादकाच्या त्रिकुटात. हा पीट रॉथ एके काळी त्याचं ड्रमकिट लावून द्यायचा. बँडला नाव रॉथचं, हा मागे बसलेला. व्हिडिओ आहेत, बघ. हात पूर्वीइतके चपळ नाहीत. चेहरा मात्र पुठ्ठ्यावर ब्रश फिरवणाऱ्या पोराचा.

दीड_मात्रा:

सगळ्यांचे आभार. ठेकेदारकाका (काका चालेल ना?), 'हार्ट ऑफ द सनराइज' सहा वेळा ऐकलं. पाचव्यांदा कुठेतरी ठोका चुकवल्याचं कळलं, म्हणजे त्याने चुकवला आणि मी सापडलो. सहाव्यांदा ती जागा परत गेली.

सरांना 'ट्रायो'चं सांगितलं. ते म्हणाले, उद्याच्या तालमीत तू पहिल्या गाण्याला वाजवायचं नाहीस, नुसता बस.

हात आत्तापासूनच शिवशिवतायत.

ठेकेदार:

काका चालेल. काठ्या छातीवर आडव्या धर, मांडीवर ठेवल्यास तर वाजवशील.