'एमबी'च्या रकान्यातील '५४ई.' : वेग म्हणावे की दर?

प्रश्न : एअरोडम्प-एनजी (आसपासची वायफाय नेटवर्के टिपून त्यांची यादी दाखवणारे साधन) वापरून घरातले वायफाय तपासताना 'एमबी' या रकान्यात एका राउटरपुढे '१३०' आणि दुसऱ्या, जुन्या राउटरपुढे '५४ई.' असे दिसले. हा मेगाबाइटमधला वेग समजावा काय? 'ई' आणि टिंब कशासाठी आहेत?

उत्तर : येथे 'एमबी' म्हणजे मेगाबाइट नव्हे, तर सेकंदाला मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने ५४ म्हणजे कागदोपत्रीसुद्धा पावणेसात मेगाबाइटच भरतात. रकान्याला असे दिशाभूल करणारे नाव कशाला ठेवले, असा प्रश्न पडणे रास्तच आहे.

'वेग' म्हणण्याला माझी हरकत मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. वेग मोजावा लागतो, आणि हे साधन काहीही मोजत नाही. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन, म्हणजे आपल्या अस्तित्वाची छोटी घोषणा, प्रसारित करतो व त्यात आपल्याला कोणकोणते दर झेपतात हे जाहीर करतो. त्यांतला सर्वांत मोठा दर या रकान्यात येतो. म्हणून लॅपटॉप घेऊन दोन मजले खाली गेलात, तर 'पीडब्ल्यूआर' या रकान्यातला सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे चाळीसवरून उणे ऐंशीपर्यंत घसरेल, पण '५४' जागचे हलणार नाही. यास 'कमाल जाहीर दर' म्हणणे मला अचूक वाटते. या आकड्यावरून राउटरची पिढी मात्र बरीचशी ओळखता येते: ११ असल्यास वायफायच्या ८०२.११ या मानकमालिकेतले १९९९चे 'बी' मानक, ५४ असल्यास बहुधा २००३चे 'जी', त्याहून मोठा आकडा असल्यास 'एन' किंवा त्यानंतरचे.

'ई' ही सेवा-गुणवत्तेची खूण आहे. आवाज आणि चित्र यांच्या पॅकेटांना (माहितीच्या तुकड्यांना) अग्रक्रम देण्याची ही सोय ८०२.११ई या २००५च्या सुधारणेतून आली, अक्षरही तिथलेच. टिंबाचा अर्थ असा, की राउटरला आखूड प्रिअँबल (प्रत्येक पॅकेटाआधी ग्राहक-यंत्राला सावध करणारा ठरावीक संकेत) चालते. दीर्घ प्रिअँबल आणि शीर्षक मिळून १९२ मायक्रोसेकंद खातात, आखूड असल्यास ९६. गंमत अशी, की ही बचत 'बी' पद्धतीच्या प्रक्षेपणापुरतीच आहे. ज्या ५४ला ते टिंब चिकटले आहे त्या दराशी तिचा संबंध नाही.

उपप्रश्न : एनएमसीएलआय या लिनक्सवरील नेटवर्क-आज्ञेच्या यादीत 'रेट'खाली २७० मेगाबिट दिसतात, ते तरी प्रत्यक्षातले असतात का?

उत्तर : नाही, तोही जाहीर दरच आहे. 'एन' मानकात ४० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि दोन प्रवाह (एकाच वेळी समांतर जाणारे डेटाचे ओघ) घेतले की गणिताने २७० येतात, आणि प्रतीकांमधला (एकामागून एक जाणाऱ्या संकेतांमधला) मोकळा काळ आखडता घेतला की ३००. प्रत्यक्ष हाती लागणारा दर याहून बराच कमी असतो, कारण पोचपावत्या आणि हवा मोकळी होण्याची वाट पाहणे यांत वेळ जातो; 'जी'च्या ५४पैकी साधारण २० ते २५ पदरात पडतात. 'आयडब्ल्यू' या लिनक्सवरील दुसऱ्या वायफाय-आज्ञेच्या स्कॅनमध्ये काही दरांपुढे तारका दिसते, ते मूलभूत दर, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला यायलाच हवेत असे. एअरोडम्पमधला '#/एस' हा रकाना मात्र खरोखर मोजलेला असतो. पण तो गेल्या दहा सेकंदांतील डेटा-पॅकेटांची दर सेकंदाची संख्या सांगतो, मेगाबिट नव्हे. प्रत्यक्ष वेग हवा असल्यास नेटवर्कला जोडून घेऊन आयपर्फसारख्या साधनाने मोजावा.