तरुण कार्यकर्ते संस्थेत टिकवायचे कसे?

प्रश्न: जुनी ग्रामीण संस्था, २५ पगारी कर्मचारी. नवे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले कार्यकर्ते प्रकल्प संपला की जातात. पगार वाढवायचा तर परदेशी निधीवरची २०% प्रशासकीय खर्चाची मर्यादा आडवी येते. काय करावं?

प्रतिसाद १: ही मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीत ५०% वरून २०% झाली. पण शाळेतल्या शिक्षकांचा, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार त्यात धरत नाहीत. अशी पदं अंदाजपत्रकात कार्यक्रम खर्चात दाखवा. आणि २५ माणसांना पीएफ लागतोच; 'मानधन' लिहून तो टाळू नका, नोकरीला येणारी मुलं आधी तेच विचारतात.

प्रतिसाद २: अधिकारही द्या हो. पाचशेच्या व्हाउचरलाही विश्वस्तांची सही लागली तर कामच अडतं. ठरावीक रकमेपर्यंतच्या मंजुरीचा अधिकार ठराव करून प्रकल्प समन्वयकाला द्या.