मदत हवी आहे: नाचणीचे मफिन फुगत नाहीत, हातात घेतले की भुगा

नमस्कार. कोल्हापुरातून, राजारामपुरीतून लिहितेय. लेक चौथीत आहे, डब्यात मफिन नाहीतर पॅनकेकच हवेत. बेकरीतला मफिन एकदा दिला. मैदा, साखर, तेल. अकराला परत भूक. म्हणून घरी नाचणीचे करायला घेतले.

दीड वाटी नाचणीचं पीठ, पाऊण वाटी किसलेला गूळ, वाटीभर दही, पाव वाटी तेल, अर्धा चमचा सोडा. अंडं सासूबाईंना चालत नाही. सकाळी घाई असते म्हणून सगळं रात्रीच कालवून ठेवलं, आंबोळीचं ठेवतो तसं. ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, 180 अंशांवर 25 मिनिटं. वर आलेच नाहीत, आत गिच्च गोळा. त्याच पिठाचे पॅनकेक तव्यावर फाटले.

सासूबाई म्हणतात, "अगं, घावनच की ते!" मलाही ते पटायला लागलंय. फ्रान्सच्या ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचे घावनासारखे गॅलेट करतात, इथिओपियात टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा, रशियात यीस्टवर फुगवलेले ब्लिनी. इंग्लिश मफिन तर यीस्टचा, तव्यावर भाजलेला चपटा पाव. कपात भाजलेला गोड मफिन अमेरिकेकडचा. मग आपल्या धान्याचं का जमू नये? नेमकं कुठं चुकतंय, सांगाल का? आणि गूळ घातला म्हणजे गोडाची काळजी मिटली का?

प्रतिसाद

ताई, रात्री कालवलंत तिथंच घोटाळा झाला. सोडा दह्यात पडला की लगेच वायू सुटतो, सकाळपर्यंत टिकत नाही. आंबोळीच्या पिठात तो रात्रभर नव्यानं तयार होत राहतो, म्हणून तिला जाळी पडते. सुकं पीठ रात्री मोजून ठेवा. दही सकाळी, सोडा सगळ्यात शेवटी, आणि ओटीजी आधीच तापलेला असू दे.

नाचणीत ग्लूटेन नसतं, म्हणून भुगा. निम्मी कणीक घाला. चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घातलीत की अंड्याचं काम होतं. नाचणी मात्र सोडू नका, 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

गुळाचे उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच. तो अर्धी वाटी करा, एक पिकलेलं केळं कुस्करून घाला.

धागाकर्ती

मनापासून आभार. उद्या रविवार आहे, लगेच करून बघते. गुऱ्हाळावरची काकवी घरात आहे. पॅनकेकवर वरून घालीनच, पण गुळाऐवजी पिठात घातली तर दही किती कमी करू?