मदत हवी आहे: बँकॉकमध्ये सहकारी बाईंच्या आई गेल्या, देवळातल्या विधीला जाताना काय पाळायचं?

नमस्कार. उद्या संध्याकाळी निघायचं आहे म्हणून घाईत लिहिते आहे. थायलंडमध्ये राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

मी दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त बँकॉकला आहे. ऑफिसात माझ्या वरच्या जागेवर एक थाई बाई आहेत, पन्नाशीच्या. मी त्यांना 'फी' म्हणते. फी म्हणजे ताईही आणि दादाही, वयाने आपल्याहून थोडं मोठं कुणीही. मला घर शोधून देण्यापासून ते डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर हॉस्पिटलात उशाशी बसण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. काल त्यांच्या आई गेल्या. नोन्थाबुरीकडच्या एका देवळात आजपासून रोज संध्याकाळी मंत्रपठण आहे आणि शनिवारी अग्नी देणार आहेत.

फोनवर सांगताना फींचा आवाज नेहमीसारखाच होता. मधे एकदा हसल्यासुद्धा. शेवटी म्हणाल्या, "देऊळ लांब आहे, तू दमून येतेस, येऊ नकोस. माय पेन राय." म्हणजे काही हरकत नाही.

माझा पहिला प्रश्न हाच. हे खरंच 'येऊ नकोस' आहे का? आपल्याकडे "कशाला त्रास घेतलात" म्हणत म्हणतच पाट मांडतात, ते कळतं. इथे ज्याला क्रेंगजाय म्हणतात, म्हणजे आपल्यामुळे समोरच्याला तोशीस नको म्हणून स्वतःची गरज गिळून टाकायची, तेही आता ओळखीचं झालंय. पण कुठलं 'नको' खरं आणि कुठलं भिडेपोटी, हे मला अजून ओळखता येत नाही. न जाऊन त्यांना दुखवायचं नाही, आणि जाऊन अडचणही करायची नाही.

त्यांच्या आईंना मी 'मॅ' म्हणायचे, थाईत आई. एप्रिलमध्ये सोंगक्रानला (आपलाच संक्रांत हा शब्द, त्यांचं नवीन वर्ष) फी मला घरी घेऊन गेल्या होत्या. फुलांच्या पाकळ्या घातलेलं पाणी सगळ्यांनी मॅंच्या हातांवर ओतलं आणि आशीर्वाद घेतला, तसा मीही घेतला. त्या मूळच्या ईसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या. तिकडच्या रीतीने त्यांनी माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मग सगळे चटईवर बसलो. माझा उजवा गुडघा दुखतो, म्हणून थोड्या वेळाने मी पाय लांब केले. समोर बुद्धाची मूर्ती आणि तिच्या खाली मॅ. तळवे थेट त्यांच्याकडे. कुणी एक शब्द बोललं नाही. मॅंनीच स्वतःची उशी उचलून माझ्या गुडघ्याखाली सारली आणि हसत हसत माझे पाय हळूच एका बाजूला वळवले. काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. त्या गोष्टीची माफी मागायची राहून गेली. म्हणून यावेळी काही चुकायला नको.

कपडे कसले? आपल्याकडे पांढरे घालतात. माझ्याकडे एक काळा कुर्ता आहे, पण त्याला लाल काठ आहे. पैशांचं पाकीट देतात असं ऐकलं, ते खरं का? तिथे पाहुण्यांना खायला देतात म्हणे. आमच्या घरी सुतक असलेल्या घरचं पाणीही घेत नाहीत, त्यात मी शाकाहारी. नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? आणि गुडघ्यामुळे मला त्यांच्यासारखं पाय दुमडून बसता येत नाही, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

जा. नक्की जा. मी पंधरा वर्षं इथे आहे, त्या जोरावर सांगतो. 'येऊ नकोस' म्हणताना कारण तुमच्या दमण्याचं दिलंय ना, मग ते क्रेंगजाय. खरंच नको असतं तर विधी घरच्यांपुरताच आहे असं काहीतरी सांगितलं असतं, किंवा देवळाचं नाव, वेळ काहीच सांगितलं नसतं. हसण्यावर जाऊ नका. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून इथे लोक दुःखातही हसतात.

रोज जायची गरज नाही. एक संध्याकाळ आणि जमलं तर अग्नीचा दिवस, एवढं पुष्कळ. शनिवार ठरला ते बरंच झालं. शुक्रवारी इथे दहन करत नाहीत. थाईत शुक्र आणि सुख या दोन्ही शब्दांचा उच्चार 'सुक' असाच होतो, त्यामुळे सुखाच्या वारी शोक नको असं मानतात.

कपडे साधे काळे. पांढरेही चालतात, पण लाल काठ नको. 2016 च्या ऑक्टोबरात राजे भूमिबोल गेले तेव्हा बाजारातले काळे कपडे संपले होते, लोक आपले रंगीत शर्ट काळ्या रंगात बुडवून घेत होते. काळ्याचा मान इथे असा आहे. लाल टिकलीऐवजी त्या दिवशी काळी लावा, मंगळसूत्र राहू दे.

प्रतिसाद २

माझे यजमान थाई आहेत, सासरे गेले तेव्हा हे सगळं घरात पाहिलंय. क्रम असा असतो. आधी बुद्धाच्या मूर्तीपुढे तीन उदबत्त्या आणि तीनदा नमस्कार, तळवे जमिनीवर टेकवून. या नमस्काराला ते 'बेंजांगखप्रदित' म्हणतात, त्यातला बेंज म्हणजे आपला पंच. दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला लागलं पाहिजे. मग शवपेटीपुढे एकच उदबत्ती आणि एकदाच नमस्कार, तोही हात जोडलेलेच ठेवून, तळवे न उघडता. ही एक-तीनची गल्लत मात्र करू नका. गुडघा टेकत नसेल तर उभं राहून हात जोडून मान खाली घाला, परदेशी माणसाकडून तेवढंही मनापासून स्वीकारतात.

बसण्याची काळजी करू नका, शहरातल्या देवळांच्या मंडपात बहुतेक खुर्च्याच असतात. पुढच्या रांगेतले सोफे मोठ्या माणसांसाठी, तुम्ही मधे बसा. पाय गुडघ्यावर चढवू नका, तळवा कुणाकडे रोखला जाईल असं बसू नका. दाराचा उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्यासारखंच. चार भिक्खू अभिधम्म (बौद्ध धर्मग्रंथातला पाठ) म्हणतात, तोवर हात जोडून बसायचं. बाईने भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही.

पाकीट खरं आहे. वर तुमचं नाव लिहा आणि फींना किंवा दाराशी टेबलावर बसलेल्यांना द्या, दोन्ही हातांनी. मी सहकाऱ्यांकडे पाचशे बाहत देते. ती विधीच्या खर्चाला मदत असते, तुमच्या नावे पुण्यही धरतात.

आता खाण्याचं. हे जरा मनावर घ्या. आलेल्यांना खाऊ घालणं हे गेलेल्या माणसासाठी केलेलं पुण्य आहे. सुतकाची कल्पना तिथे लावू नका. सगळं खायची सक्ती नाही, पण डबा हातात घ्या. शाकाहारासाठी 'मांगसविरात' हा शब्द आहे, आपली मांसविरती. तो आधीच मेसेजवर कळवू नका, नाहीतर त्या गडबडीतही त्या तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करवतील. समोर आल्यावर हळूच सांगा. घरी येऊन आंघोळ करायची असेल तर खुशाल करा, इथेही चिनी वंशाच्या घरांत डाळिंबाची पानं घातलेल्या पाण्याने तोंड धुतात.

म्हणायचं एवढंच: "सीया जाय दुआय ना खा." म्हणजे तुमच्या दुःखात मीही आहे. मिठी नको, आधी हात जोडा, अंगठे नाकाच्या शेंड्याजवळ. त्या मोठ्या आहेत.

प्रतिसाद १ (पुन्हा)

एक राहिलं. शनिवारी गेलात तर चंदनाच्या नावाने ओळखलं जाणारं, लाकडाच्या पातळ सालींचं फूल हातात देतील. रांगेने वर जाऊन ते पेटीपाशी ठेवायचं. माफी मागायची राहिली म्हणालात ना, ती तिथे मनात मागा. फूल ठेवताना लोक मनातल्या मनात गेलेल्या माणसाची क्षमा मागतात, हा तिथला रिवाजच आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. साधा काळा कुर्ता मैत्रिणीकडून आणला. नमस्कार बरोबर झाले, एक उदबत्ती, एकदा. मॅंचा फोटो फुलांच्या मधे ठेवला होता, सोंगक्रानला नेसलेलं तेच जांभळं रेशमी वस्त्र.

फींनी मला लांबूनच पाहिलं. मी हात जोडून ते वाक्य म्हटलं, अर्धंच जमलं. त्यांनी नमस्कार घेतला आणि विचारलं, "किन खाओ रू यांग?" जेवलीस का? मी मांगसविरात म्हणायच्या आत त्यांनी डबा उघडला, मांसाचा पाव काढून स्वतःकडे घेतला आणि केळीच्या पानातला गोड भात माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. मग त्या कुणालातरी काही सांगून आल्या आणि माझ्या खुर्चीपुढे एक बुटकं स्टूल आलं, गुडघा टेकवायला.

निघताना मी पुन्हा येईन का हे विचारलंच नाही त्यांनी. फक्त म्हणाल्या, "शनिवारी चार वाजता. उशीर नको."