गावाचा मेळावा आणि वर्गाचं स्नेहसंमेलन एकाच शनिवार-रविवारी घ्यावं का?

वेशीबाहेर

गाव सोडून गेलेल्यांचा दोन दिवसांचा मेळावा ठरला की कुणीतरी सुचवतंच, 'त्याच शनिवार-रविवारी शाळेच्या सगळ्या बॅचेसचं संमेलनही उरकून घेऊ, खर्च एकदाच होईल.' माझं मत स्पष्ट आहे: हे करू नये.

पहिलं कारण साध्या गणिताचं. 60 जणांच्या वर्गात प्रत्येकाने उरलेल्या 59 जणांशी दोन-दोन मिनिटं बोलायचं म्हटलं तरी दोन तास जातात. इतक्या वर्षांनी भेटलेल्या सोबत्यांचं दोन मिनिटांत काही भागत नाही, म्हणजे अख्खा दिवस त्यासाठीच हवा. हाच वर्ग 400 जणांच्या गर्दीत सोडला की आपली माणसं शोधण्यातच वेळ सरतो.

दुसरं कारण मंच. गर्दी वाढली की माईक येतो, माईकमागून मंच, आणि मंचासोबत सत्कार, मनोगतं, आभार. पाच-पाच मिनिटांची आठ भाषणं कागदावर 40 मिनिटांत बसतात. प्रत्यक्षात नाव पुकारणं, वक्त्याने उठून येणं, पुष्पगुच्छ, फोटो यांत दर भाषणामागे आणखी चार-पाच मिनिटं जातात आणि सव्वा तास होतो. तेवढा वेळ लोक एका दिशेला तोंड करून गप्प बसून राहतात. भेटायला आलेल्यांना याहून वाईट शिक्षा नाही.

वर्गाचा मेळावा वेगळा, गावाचा वेगळा. मध्ये निदान सहा महिने जाऊ द्यावेत.

मधली_सुट्टी

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य.

वर्गाची यादी बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाच्या हजेरीवरून करतात. सातवीत शाळा सुटलेला, नापास होऊन मागे राहिलेला, वडिलांच्या बदलीमुळे मध्येच गेलेला, यांतला एकही त्या यादीत नसतो. त्याच गल्लीत वाढूनही दुसऱ्या शाळेत गेलेल्यांचं तर विचारूच नका. गावाच्या मेळाव्यात या सगळ्यांना जागा आहे. नुसतं वर्गाचं संमेलन ठेवलंत की ती माणसं कायमची बाहेर राहतात.

शिवाय भावंडं वेगवेगळ्या बॅचची असतात. लांबून येणाऱ्या तिघा भावंडांनी तीन वेगळ्या तारखांना रजा काढायची, तर तिघं एकत्र गावी कधीच येणार नाहीत.

मंचाचा त्रास खरा आहे, पण त्याचा बंदोबस्त वेळापत्रकात करता येतो. शुक्रवारी संध्याकाळी फक्त नोंदणी आणि मोकळ्या गप्पा. शनिवारी 10 ते 1 प्रत्येक बॅच आपापल्या खोलीत, माईक कुठेच नाही. दुपार मोकळी, कारण लोकांना जुनं घर पाहायचं असतं, नातेवाइकांकडे जायचं असतं. संध्याकाळी 5 वाजता सगळे एकत्र, आणि मंचावर एकूण अर्धा तास, त्यापुढे एक मिनिटही नाही. दिवंगतांचं स्मरण त्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीलाच करावं. यादी दोघांनी आधी स्वतंत्रपणे तपासावी आणि नावं वाचणाऱ्याने उच्चार विचारून घ्यावेत. हयात माणसाचं नाव त्या यादीत वाचलं गेलं तर ते कोणत्याही माफीने भरून येत नाही.

हिशेबनीस

मी वेशीबाहेर यांच्या बाजूने, पण कारण पैशाचं.

'खर्च एकदाच' हे निम्मंच खरं आहे. सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई हा ठरीव खर्च. माणसं 80 आली काय नि 200 आली काय, तो तेवढाच. जेवण आणि बॅज हा माणशी खर्च. जोडमेळाव्यात ठरीव खर्च वाटला जातो हे खरं, पण कुणात किती वाटायचा यावरूनच वाद होतात. 15 जणांची बॅच आणि 70 जणांची बॅच सारखीच खोली वापरतात. भाडं बॅचवार वाटलं तर लहान बॅच ओरडते, माणशी वाटलं तर मोठी.

नियम कोणताही ठरवा, एक चूक करू नका: ठरीव खर्च 'येतो' म्हणणाऱ्यांच्या संख्येने भागू नये. ग्रुपवर अंगठा दाखवणं म्हणजे नोंदणी नव्हे. पैसे जमा झाले तीच नोंदणी. 120 जण येतो म्हणत असतील तर वर्गणी काढताना 70 धरा. जास्त आले तर शिल्लक राहील. 120 धरलेत आणि 80 आले, तर उरलेली तूट संयोजकांच्या खिशातून जाते आणि पुढच्या वेळी संयोजक मिळत नाहीत.

परताव्याचा नियम वर्गणी मागतानाच लिहा. 30 दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा, त्यानंतर केटररला अंतिम आकडा देईपर्यंत फक्त माणशी भाग, आणि त्यापुढे काही नाही. खातं दोन सह्यांचं असावं आणि हिशेब मेळाव्यानंतर 15 दिवसांत सगळ्यांना पाठवावा. ज्यांना वर्गणी जड जाईल त्यांची सोय खजिनदार आणि आणखी एक जण यांच्यातच राहावी. सवलत घेणाऱ्यांची नावं तिसऱ्याला कळता कामा नयेत.

वाटाड्या

तुम्ही तिघं माणसं जमली असं धरून बोलताय. माणसं शोधून निरोप पोचवणं हेच सर्वांत लांबलचक काम आहे, आणि त्यासाठी जोडमेळावाच सोयीचा. एका बॅचला न सापडलेला माणूस दुसऱ्या बॅचमधल्या त्याच्या बहिणीमुळे सापडतो.

वर्गाचा जुना ग्रुप फोटो घ्यावा, प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि क्रमांकापुढे नाव, लग्नाआधीचं आडनाव, शेवटचा ठावठिकाणा असे रकाने करावेत. मुलींची नावं याच टप्प्यावर गळतात, कारण शोधणारा जुन्या आडनावाने शोधतो आणि ती नव्या आडनावाने वावरत असते. शाळेकडे पत्ते मागू नयेत. आपलं निमंत्रण शाळेनेच पुढे पाठवावं अशी विनंती करावी. काम होतं आणि कुणाची माहिती परस्पर बाहेर जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. साध्या ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय) 256 जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत निरोप पोचतच नाही. 'कळवलं होतं की' आणि 'मला काहीच आलं नाही' ही भांडणं पुष्कळदा इथूनच सुरू होतात. तारीख, वर्गणी, पत्ता यांसाठी कम्युनिटीतला, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीतला, घोषणांचा ग्रुप वापरा. त्यात घोषणा फक्त अ‍ॅडमिन करतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचे ग्रुप बॅचवार वेगळे ठेवा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना फोन करायला प्रत्येक बॅचने एक माणूस नेमावा.

गावातच_राहिलेली

या चर्चेत गाव सोडून गेलेलेच बोलताहेत. गावात राहिलेल्यांनी जागा पाहायची, किल्ल्या आणायच्या, खुर्च्या लावायच्या आणि दोन्ही दिवस नोंदणीच्या टेबलामागे बसायचं, हे गृहीत धरलेलं असतं. जोडमेळाव्यात हे ओझं एकदाच पडतं, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. वर्षात दोनदा हे कुणालाही झेपणार नाही.

पण अट आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बॅचने दोन माणसं कामाला द्यावीत, पाळी दीड तासाची. नोंदणीच्या टेबलावर एका वेळी तिघं: एक यादीत नाव शोधणारा, एक बॅज देणारा, एक चुकलेला बॅज हाताने लिहून देणारा. रांग आडनावाप्रमाणे लावू नका, बॅचप्रमाणे लावा; लोक रांगेतच भेटायला लागतात.

बॅजवर पहिलं नाव इतकं मोठं हवं की दोन मीटरवरून चष्म्याशिवाय वाचता यावं. त्याखाली शाळेतलं आडनाव आणि वर्ष. हुद्दा, कंपनी, राहण्याचं शहर यातलं काही नको. गळ्यात अडकवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी छापा, कारण दोरीवरचा बॅज उलटतोच, आणि नेमका समोरचा नाव आठवायला धडपडत असतो तेव्हा पांढरी बाजू दिसते.

वेशीबाहेर

ओझ्याचा मुद्दा वजनदार आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. यादीतून गळणाऱ्यांचाही खरा आहे, पण त्यावर उपाय जोडमेळावा नव्हे; वर्गाची यादी पहिलीच्या हजेरीपासून करा.

मधली_सुट्टी यांच्या वेळापत्रकावर माझा मुख्य आक्षेप शनिवारी सकाळी 10 या वेळेला. लांबचे लोक शुक्रवारी रात्री उशिरा किंवा शनिवारी सकाळीच पोचतात. 10 ची वेळ दिली की 11 पर्यंत निम्मी खोली रिकामी, आणि मग प्रत्येक नव्या माणसासाठी ओळखपरेड पुन्हा पहिल्यापासून. बॅचची वेळ दुपारी 2 ते 5 ठेवा आणि नातेवाइकांकडे सकाळी जाऊ द्या.

ग्रुप फोटोही बॅचच्या सत्राच्या सुरुवातीला, पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा. शेवटी ठेवला की कुणीतरी निघून गेलेलं असतं. 100 जणांचा फोटो म्हणजे 20 जणांच्या पाच रांगा. माणशी अर्धा मीटर धरला तर 10 मीटर रुंद जागा लागते. मागच्या रांगांना पायऱ्या हव्यात, गुडघे दुखणाऱ्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या.

मधली_सुट्टी

2 ते 5 चालेल. मात्र मग त्याच इमारतीत 5 वाजता सगळ्यांचा कार्यक्रम ठेवता येणार नाही; बॅचच्या खोलीतून लोकांना उठवायलाच अर्धा तास लागतो. एकत्र कार्यक्रम साडेसहाला घ्यावा लागेल.

फोटोबाबत एक भर. ज्यांना आपला फोटो समाजमाध्यमांवर नको असेल त्यांना वेगळ्या रंगाची दोरी द्या आणि फोटो काढणाऱ्याला आधी सांगून ठेवा. शाळेत ज्यांना छळ सोसावा लागला, त्यांच्यातले काही जण एवढ्या एका सोयीमुळे यायला तयार होतात. ते आले तर त्यांची जुनी टोपणनावं माईकवरून घ्यायची नाहीत, हेही सूत्रसंचालकाला लेखी द्या.

हिशेबनीस

साडेसहा म्हणजे सभागृहाचं भाडं दिवसाऐवजी दिवस-रात्रीचं. आधी तो दर विचारा, मग वेळ ठरवा. बॅचच्या खोल्यांचं भाडं मात्र मी अजूनही त्या-त्या बॅचच्याच खाती टाकेन.