मदत हवी आहे: ॲनोड ऋण, तरी ऋण आयन तिकडेच का जातात?

डॅनियल सेलपाशी (जस्ताची आणि तांब्याची पट्टी वेगवेगळ्या भांड्यांत, आपापल्या क्षाराच्या द्रावणात बुडवलेली विद्युत घट) अडकले आहे. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन पट्टीतच सोडून आयन होतो आणि द्रावणात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून पलीकडे जातात, तांब्याचे आयन ते घेतात आणि पट्टीवर लालसर थर होऊन बसतात. व्होल्टमीटरवर साधारण १.१ व्होल्ट. इथवर ठीक.

पण जस्ताची पट्टी, म्हणजे ॲनोड, ऋण असूनही क्षारसेतूतले (दोन्ही भांडी जोडणाऱ्या, क्षाराचं द्रावण भरलेल्या नळीतले) ऋण आयन तिच्याच भांड्यात का शिरतात? समान प्रभार एकमेकांना ढकलतात ना! माझा अंदाज असा, की तिथे जस्ताचे धन आयन वाढत जातात, त्यांचा तोल राखायला हे येतात. म्हणजे ओढ पट्टीची नाही, द्रावणाची. बरोबर आहे का? (विद्युत विलेपनात ॲनोड धन होतो, ते डोकं नंतर खाईन.)