एबीएसचा दिवा २०च्या वेगाला लागतो, संशय पुढच्या उजव्या चाकावर. मदत हवी आहे

राम राम मंडळी. गंगाखेडजवळ राहतो. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ८६,००० किमी झालेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आखाड्याच्या वाटेवर काळ्या मातीत फसली, ट्रॅक्टरला टोचन लावून काढली. वरवर धुतली. तिसऱ्या दिवशी एबीएसचा (करकचून ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला.

ब्रेकचा लाल दिवा नाही. ब्रेक ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे, फ्यूज चांगला आहे, ब्रेकही नेहमीसारखे लागतात. पण वडिलांना महिन्यातून दोनदा परभणीला दवाखान्यात न्यावं लागतं. परतताना अंधार होतो, आणि दिवाळीनंतर त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील, कित्येकींना मागे दिवा नसतो. तिथे करकचून ब्रेक मारायची वेळ आली तर चाकं लॉक व्हायला नकोत, म्हणून हे अंगावर काढायचं नाही.

चावी फिरवली की दिवा लागतो आणि तीनेक सेकंदांत विझतो. गाडी २०च्या आसपास गेली की परत लागतो आणि चावी बंद करेपर्यंत राहतो. वायर तुटली असती तर तो पहिल्यापासून विझलाच नसता, असा माझा अंदाज. चुकत असेन तर सांगा. दुसरं म्हणजे, दिवा लागायच्या आदल्या दिवशी घरासमोर कोरड्या जागेत अगदी हळू थांबताना पेडल पायाखाली कर्रर्र करून थरथरलं होतं, जणू गरज नसताना एबीएस चालू झालं.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड न बघताच एबीएसचं मॉड्यूल (कंट्रोल युनिट) गेलं म्हणाले, खर्च २८,००० सांगितला. मन मानेना. ९०० रुपयांचं ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (असे कोड वाचणारं) मागवलं, तर ते फक्त इंजिनचे कोड वाचतं, एबीएसमध्ये शिरतच नाही. तुम्ही घेणार असाल तर एबीएस वाचतं का हे आधी विचारा. शेवटी ओळखीतल्या एकाचा मोठा स्कॅनर आणला. कोड आला सी००४०, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. मग मोकळ्या रस्त्यावर मी गाडी चालवली आणि पुतण्या शेजारी बसून चारही चाकांचे वेग मोठ्याने वाचत गेला. तीन चाकं २२, २२, २३. उजवं पुढचं १४, मग शून्य, मग १९.

मागच्या चाकांना दगड लावले, जॅकवर उचलून खाली स्टेपनी सरकवली आणि चाक काढलं. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटलेला, त्यावर माती वाळून सिमेंट झालेली. जुन्या टूथब्रशने साफ केलं. दोन दिवस दिवा गेला, तिसऱ्या दिवशी परत आला.

मग मल्टीमीटर लावला. उजवा सेन्सर १.२ किलोओहम, डावा १.१. माझे सेन्सर कॉइलवाले आहेत म्हणून हे मोजता आलं, हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला प्रकार) असेल तर ओहमवर मोजून काही कळत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं. डावीकडे आकडा टिकतो, उजवीकडे दर फेऱ्याला एकदा पडतो.

आता सेन्सर बदलू, की दोष दुसरीकडे आहे?

भर, दोन दिवसांनंतर: इथल्या एका दादांनी सेन्सर सोडून दातेरी रिंग (एक्सलवर बसवलेली, तिचे दात समोरून जातात तसा सेन्सर वेग मोजतो) बघायला सांगितलं. त्यांचे खूप आभार. बॅटरीच्या उजेडात एक्सल बोटा-बोटाने फिरवला. एका जागी रिंगखाली गंज फुगलाय आणि तिथेच दोन दातांच्या मधे केसाएवढी चीर आहे. नख फिरवलं की अडकतं. दर फेऱ्याला सिग्नल तिथेच तुटत असणार. चिखल निमित्त झाला, गंज आधीपासूनचा दिसतोय.

स्पेअर पार्टवाले म्हणतात अख्खा एक्सल घ्या. एक जण वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणाला. धीर होत नाही, कारण चिरेमुळे दातांमधलं अंतर वाढलेलंच राहणार. जुन्या रिंगचे दात तीनदा मोजले, ४४ भरले. नवीन रिंगलाही तेवढेच हवेत, नाहीतर त्या चाकाचा वेग कायम चुकीचा दिसेल.

परभणी, नांदेड किंवा लातूरला अशी सुटी रिंग कोणाला मिळाली आहे का? आणि ती गरम करून बसवली, की तशीच ठोकून? वडिलांची तारीख गुरुवारी आहे. तोवर गाडी ४०च्या वर नेत नाही आणि अंधाराच्या आत घरी येतो.